गृहलक्ष्मीचा कागद आणि एका घरातल्या तीन बायका

पत्र थोडक्यात असं : पत्रलेखिका कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता बेळगावात एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या वर्षाला. प्रबंधासाठी तिने कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचा आदेश निवडला आहे. ‘नुसती माहिती नको, चिकित्सा कर,’ असं सरांनी बजावलंय. घरात एकाच रेशन कार्डावर आजी, आई आणि विधवा काकी. योजनेचे महिन्याचे २,००० रुपये आजीच्या खात्यावर येतात, कारण कार्डावर कुटुंबप्रमुख ती. काकीची चूल वेगळी, पण कार्ड एकच, म्हणून तिला काही नाही. आजीला भीती, की नात सरकारच्या विरोधात लिहील आणि पैसे बंद होतील. सीमाभागासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचं काम करणारे मामा म्हणतात, ‘मराठी माणसावरचा अन्याय लिही, तेवढं पुरे.’ सरहद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगडला दिलेल्या बहिणीला ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये मिळतात, तिच्या मते तिकडचंच बरं. पत्रलेखिका विचारते : ‘घर तर आई चालवते, मग पैसे आजीला का? पण ज्या पैशावर घरचा गॅस आणि औषधं चालतात त्यावर टीका करणं कृतघ्नपणा नाही का? आणि कानडी कागद अडखळत वाचणारी मी तो तपासणार कशी?’ ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

प्रिय मुली,

आधी कृतघ्नपणाचं बघू, कारण तो काटा निघाल्याशिवाय तुझी लेखणी पुढे सरकणार नाही. कृतज्ञता उपकाराची असते. गृहलक्ष्मी हा कुणी खिशातून केलेला उपकार नाही. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत मतं मागताना दिलेलं ते वचन आहे आणि ३० ऑगस्ट २०२३ पासून ते सरकारी तिजोरीतून पाळलं जातंय. त्या तिजोरीत तुझ्या आजीचेही पैसे आहेत. दुकानातून साबणाची वडी आणताना ती कर भरतेच. शिवाय असं बघ, की या योजनेचे हप्ते मधे दोन-दोन, तीन-तीन महिने रखडले तेव्हा त्याची झळ कुणाला लागली? वर्तमानपत्रात अग्रलेख लिहिणाऱ्यांना नाही. गॅसची टाकी कधी भरायची हे त्या पैशावर ठरवणाऱ्या घरांना लागली. ज्याचं घर योजनेवर टेकलंय त्यालाच ती कुठे डगमगते ते कळतं. म्हणून तुझ्या घरात पैसे येतात हा तुझ्या अभ्यासातला अडथळा आहे असं मला अजिबात वाटत नाही.

आजीच्या भीतीला मात्र हसू नकोस. यादीतून नाव कसं गळतं, आणि ते परत चढवायला किती हेलपाटे घालावे लागतात, हे तिने आयुष्यभर पाहिलंय. विद्यापीठातल्या प्रबंधामुळे कुणाचा हप्ता थांबत नाही हे तिला शांतपणे सांग, पण तेवढ्यावर सोडू नकोस. तिच्याविषयी काय लिहिणार ते तिला वाचून दाखव आणि ती नको म्हणाली तर ते काढ. खेडं लहान असतं. ‘एका कार्डावर सासू, सून आणि विधवा जाऊ’ एवढं लिहिलं तरी गावात घर ओळखू येतं. गावाचं नाव, वयं, नाती बदल. तुझं घर तुला प्रश्न सुचवू शकतं, पुरावा म्हणून एकटं पुरणार नाही. तसलीच आणखी काही घरं तुला गाठावी लागतील.

आता कागद. तू नेमका कुठला कागद वाचते आहेस? पत्रात तू ‘योजनेचं पत्रक’ आणि ‘आदेश’ हे दोन्ही एकच असल्यासारखं लिहिलं आहेस, आणि इथे पुष्कळ जण फसतात. जाहिरात, पत्रक, सरकारी आदेश, त्याची मार्गसूची आणि नंतर निघालेली परिपत्रकं ही सगळी वेगवेगळी. गृहज्योती या कर्नाटकच्या मोफत विजेच्या योजनेचंच उदाहरण घे. गावात विचारलंस तर सगळे सांगतील, ‘२०० युनिट फुकट.’ आदेशात तसं नव्हतं. आदल्या वर्षीच्या वापराची मासिक सरासरी काढायची, तिच्यावर दहा टक्के वाढवायचे, तेवढी वीज मोफत, आणि २०० ही वरची मर्यादा. म्हणजे ज्या घरात महिन्याला सरासरी ८० युनिट जळत होते त्यांना ८८ युनिट मोफत. शहरातल्या १५० युनिटवाल्याला १६५. आधीपासून ज्याच्याकडे जास्त उपकरणं त्याला जास्त सवलत, आणि एका दिव्यावर भागवणाऱ्याला कमी. हे जाहिरातीत दिसत नाही, आदेशाच्या कलमात दिसतं. चिकित्सा इथे सुरू होते, आणि तिला राग किंवा भक्ती यांतलं काहीच लागत नाही.

म्हणून गृहलक्ष्मीचा मूळ आदेश आणि त्यानंतरचे सगळे बदल तारखेवार लाव. काय बदललं, कधी, आणि कुणाच्या सोयीसाठी, हे बाजूला पेन्सिलीने लिही. कानडीची धास्ती तू घेतलीस तेवढी नको. सरकारी आदेशातली कानडी ही बोलीतल्या कानडीपेक्षा तुला सोपी जाईल, कारण तिच्यात संस्कृत शब्दांची रेलचेल असते आणि तेच शब्द तुझ्या मराठीत आहेत. अडतील ती क्रियापदं आणि लांबलचक वाक्यांची शेपटं. वर्गातल्या एखाद्या कानडी मैत्रिणीबरोबर बस, दोघींनी एकच परिच्छेद वेगवेगळा वाचा आणि अर्थ ताडून बघा. जिथे तुमचा अर्थ जुळणार नाही तिथे खूण कर. बहुतेक वेळा ती जागा कागदातच संदिग्ध असते, आणि अंमलबजावणी करणारा कर्मचारी तिथे आपल्या मनाने अर्थ लावत असतो.

आता ज्या गोष्टीने तुझ्या घरात गाठ पडली तिच्याकडे येऊ. मला ती या साऱ्या योजनेतली सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

आजी कुटुंबप्रमुख कशी झाली? घरच्यांनी बसून ठरवलं म्हणून नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचं तेरावं कलम सांगतं, की पात्र कुटुंबातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडीलधारी बाई ही रेशन कार्डापुरती कुटुंबप्रमुख. त्या कायद्यापुरतं ते चांगलं पाऊल होतं. पिढ्यान्‌पिढ्या पुरुषाच्या नावावर असलेलं कार्ड बाईच्या नावावर आलं. पण ती व्याख्या धान्यासाठी केलेली होती. तांदूळ कुणाच्याही नावावर उचलला तरी तो घरी येतो, शिजतो, सगळ्यांच्या ताटात पडतो. गृहलक्ष्मीने तीच व्याख्या रोख पैशाला लावली. रोख रक्कम एकाच खात्यात जाते आणि एकाच अंगठ्यावर निघते. धान्याचं माप पैशाला लावलं की काय होतं, हा तुझ्या प्रबंधाचा गाभा होऊ शकतो. योजना जाहीर झाली तेव्हा पैसे सासूला की सुनेला यावर राज्यभर वाद झाला आणि पुष्कळांनी तो चवीने चघळला. त्यामागचा खरा प्रश्न, म्हणजे ‘घर’ कशाला म्हणायचं हा, बाजूलाच राहिला.

आदेश गृहीत धरतो, की एक कार्ड म्हणजे एक घर, एका घरात एक चूल, आणि त्या चुलीवर एका बाईचा ताबा. तुझ्याकडे कार्ड एक, चुली दोन आणि बायका तीन. यात कागद आणि जगणं कुठे फाटतात ते स्वच्छ दिसतं.

पण इथे तुझंही एक गृहीतक आहे, ते मला तपासावंसं वाटतं. ‘घर तर आई चालवते, मग पैसे आजीला का,’ असं तू विचारतेस. म्हणजे योजना घर चालवण्याची मजुरी आहे असं तू धरून चालली आहेस. तशी ती आहे का? आदेशाच्या प्रस्तावनेत हेतू काय लिहिलाय ते शब्द न् शब्द काढ. महागाईत घराला हातभार, बाईचं आर्थिक सबलीकरण आणि घरकामाचा मोबदला हे तीन वेगळे हेतू आहेत, आणि प्रत्येकातून पैसे वेगळ्या बाईकडे जायला हवेत. हातभारच द्यायचा तर कुणाच्याही खात्यावर चालेल. मोबदला असेल तर आईचा हक्क पहिला. आणि सबलीकरण म्हणशील, तर जिच्या नावावर आजवर शेत नव्हतं, घर नव्हतं, औषधाला दर वेळी लेकासमोर हात पसरावा लागत होता, त्या आजीच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचा पैसा आला, हे थोडं आहे का? आजीला विचार, ती त्यातलं काय स्वतःसाठी ठेवते आणि काय आईच्या हातावर ठेवते. आईला वेगळं बसवून विचार. दोघींची उत्तरं जुळली नाहीत तर कोण खरं बोलतंय हे शोधत बसू नकोस, तो फरकच टिपून ठेव.

काकी मात्र तिन्ही हेतूंतून सुटते. तिला आजीकडून काही मिळालं तर तो आजीचा चांगुलपणा, नियम नव्हे. तिचं कार्ड वेगळं झालं तर ती पात्र ठरू शकते. लोक कार्डं फोडायला धावतात त्यामागे हेच असतं, आणि मग अधिकारी त्याला लबाडी म्हणतात. तू ते लबाडी म्हणून नोंदवायची घाई करू नकोस. आदेशाने कार्डाला घर मानलं, तर लोक आपलं खरं घर कार्डावर आणायचा प्रयत्न करणारच. प्रबंध बाजूला ठेवूनही सांगते : काकीची चूल खरंच वेगळी असेल तर अन्नखात्याकडे वेगळ्या कार्डाचा अर्ज करा, तिच्या नावावर विधवा पेन्शन चालू आहे का ते बघा आणि नसेल तर तहसीलदार कार्यालयात तोही अर्ज द्या. कार्डाचे अर्ज रखडतात हे खरं, पण पोचपावती हातात असलेली बाई आणि नुसती सांगणारी बाई यांत कचेरीत फार फरक पडतो.

बहिणीच्या ‘आमचंच बरं’ला तू वैतागली आहेस. मला ती तुझी मोठी मदत वाटते. दोन राज्यांचे दोन कागद शेजारी ठेवून वाचायची सोय बंगळूर-मुंबईत बसलेल्यांपेक्षा तुला अधिक आहे, कारण तुझ्या कुटुंबातूनच सरहद्द गेली आहे. महाराष्ट्राने ‘माझी लाडकी बहीण’ काढली ती २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने. तिथे मोजमाप कार्डाचं नाही, वय आणि स्थिती यांचं आहे : विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि (नंतरच्या बदलाने) कुटुंबातली एक अविवाहित स्त्री, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. तुझी काकी त्या बाजूला असती तर विधवा म्हणून तिला स्वतःच्या नावाने अर्ज करता आला असता. उलट गृहलक्ष्मीत उत्पन्नाचा दाखला आणत फिरावं लागत नाही. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरच्या कार्डवालीही पात्र आहे, फक्त ती किंवा तिचा नवरा आयकर भरणारा किंवा जीएसटी विवरण भरणारा नसावा. दोन्ही कागदांत कुणीतरी सुटतंच. कुठला कागद कुणाला सोडतो, एवढंच तू मांड. ‘कुठलं बरं’ हे बहिणीला ठरवू दे.

त्याच लाडकी बहीणच्या निर्णयात आठवडाभरात बदल झाले : वयाची वरची मर्यादा साठवरून पासष्ट झाली, पाच एकर शेतीची अट गेली, आणि परराज्यात जन्मलेल्या पण महाराष्ट्रातल्या अधिवासी पुरुषाशी लग्न केलेल्या बाईला नवऱ्याची कागदपत्रं चालतील असं ठरलं. तुझी बहीण याच शेवटच्या वाक्यामुळे आत आली असण्याची शक्यता आहे. तिला विचार. आणि असंही विचार, की चंदगडची मुलगी खानापुरात सून म्हणून आली तर तिला इकडे काय काय दाखवावं लागतं. कागदातल्या एका ओळीने माणूस आत येतो किंवा बाहेर राहतो, हे वाचणाऱ्याला याहून स्पष्ट दुसरं कशाने दिसेल?

बाहेर राहणाऱ्यांचं आणखी थोडं. जीएसटीची अट वाचायला रास्त वाटते. पण वडगाव-खासबागेत एखाद्या विणकराने कर्जासाठी किंवा व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून जीएसटी नंबर काढला असेल, तर त्याच्या बायकोचं काय? आणि नावांचं तर तू जवळून बघच. आपल्याकडे एकाच बाईचं नाव आधारवर यल्लूबाई, रेशन कार्डावर यल्लव्वा आणि पासबुकात इंग्रजीतून तिसरंच काही असू शकतं. बोलताना कुणालाही त्याचं काही वाटत नाही, संगणकाला वाटतं. ग्राम वन केंद्रात, बापूजी सेवा केंद्रात अर्ज भरून देणारी मुलं, बँक मित्र आणि अंगणवाडी सेविका यांच्याशी बोल. अर्ज कुठे अडकतो ते आदेश लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक माहीत असतं. अंगणवाडी सेविकेला विचारताना तिच्यावर या योजनेचं किती जास्तीचं काम पडलं तेही विचार. आदेशात ते काम असतं, त्याची मजुरी क्वचित असते.

पैसा कुठून येतो हा प्रकरणभर विषय आहे, मी त्याचं एकच टोक दाखवते. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात निवडणुकीत वचन दिलेल्या, गृहलक्ष्मी-गृहज्योतीसारख्या पाचही हमी योजनांसाठी मिळून सुमारे ५२ हजार कोटी होते, त्यांतले २८,६०८ कोटी एकट्या गृहलक्ष्मीला. २०२३-२४ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनेतले सुमारे ११ हजार कोटी हमी योजनांकडे वळवले गेले आणि त्यावर मोठा वाद झाला. सरकारचं म्हणणं, की हमी योजनांच्या लाभार्थ्यांत त्या समाजाच्या बायका आहेतच. विरोधकांचं म्हणणं, की ती रक्कम २०१३ च्या राज्य कायद्याने त्यांच्या खास विकासासाठी राखलेली होती. मला दुसरं म्हणणं पटतं, कारण जे सगळ्यांनाच मिळतंय ते कुणाच्या राखीव हिश्श्यातून देणं म्हणजे त्यांना त्यांचेच पैसे देणं. तू दोन्ही बाजू मांडून तुझं मत दे. शिवाय एक लक्षात ठेव : अन्नसुरक्षा हा संसदेचा कायदा आहे, गृहलक्ष्मी हा सरकारी आदेश. कायदा मोडला तर न्यायालयात भांडता येतं. आदेश उद्याचं सरकार दुसऱ्या आदेशाने मागे घेऊ शकतं. आजीची खरी भीती इथे आहे, तुझ्या प्रबंधात नाही.

राहिले मामा. त्यांचं दुःख खोटं नाही. राज्यपुनर्रचना झाली त्या १ नोव्हेंबर १९५६ पासून ज्यांच्या घरात सीमेचा प्रश्न मुरलाय त्यांना प्रत्येक कागदात तोच दिसतो, आणि पुष्कळदा तो असतोही. पण निष्कर्ष आधी लिहून मग पुरावे गोळा करणं तुझ्या अभ्यासाला घातक, आणि मामांच्या बाजूलाही त्याने बळ मिळत नाही. भाषेचा प्रश्न तपासण्याजोगा करून घे. अर्ज मराठीत होता का? नाकारल्याचं कारण बाईला समजेल अशा भाषेत कळवलं का? सूचना पंचायतीच्या फलकावर कुठल्या भाषेत लागली? १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणविषयक केंद्रीय निवेदनात म्हटलंय, की ज्या भागात अल्पसंख्य भाषकांचं प्रमाण १५ ते २० टक्के असेल तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत. खानापूर तालुका त्या मापात सहज बसतो. या मापाने सूचनाफलक तपासलेस तर जे निघेल ते कुणालाही खोडता येणार नाही. आणि तोच न्याय पलीकडेही लाव. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकाने आक्षेप घेतला. त्यातून रुग्णाला काय मिळालं आणि सीमेवरच्या दाव्याला काय मिळालं, हे मामांनाच मुलाखतीत विचार. ते मनापासून बोलतील.

गावोगावच्या बचत गटांतल्या बायकांना आणि पंचायत सदस्यांनाही हे सगळं उपयोगी पडेल म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सविस्तर सांगते. तक्रार आणि माहिती यांची वाट वेगळी आहे. गाऱ्हाण्याचा अर्ज संविधानाच्या ३५० व्या कलमानुसार राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो, म्हणजे काकीला मराठीत देता येईल. कर्मचारी नको म्हणाला तर कलमाचा आकडा अर्जाच्या वरच लिहा आणि पोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथे कानडीत लागतो. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा, फी दहा रुपये. म्हणून लांबण लावू नकोस. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे एवढंच माग : तालुक्यात गृहलक्ष्मीचे अर्ज किती आले, किती मंजूर, किती नामंजूर, आणि नामंजुरीची कारणं कारणनिहाय. सूचना कुठल्या भाषांत काढल्या, हा दुसरा अर्ज कर. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, आणि उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील करावं लागतं. त्यात आणखी महिना-दीड महिना जातो. तुझा प्रबंध मार्चमध्ये द्यायचा आहे असं तू लिहिलं आहेस. म्हणून वाचन, मुलाखती, आराखडा यांचं काहीही होवो, हे दोन अर्ज याच आठवड्यात पोस्टात टाक, आणि पोस्टाची पावती आदेशाच्या फाइलीतच लाव.